गॅसच्या गोळ्या

आमच्या मालकाला म्या चार वर्षं खोटं सांगितलं. एकदा न्हाय, रोज दोनदा. सकाळी न्याहारी झाल्यावर अन् सांजच्याला जेवण झाल्यावर ताकाचा पेला पुढं करायचा, हातावर गोळ्या ठेवायच्या अन् म्हणायचं, "घ्या, गॅसच्या." त्या गॅसच्या नव्हत्या. हार्टच्या होत्या.

आता कुणी म्हणंल, बाई, नवऱ्याशी असं वागावं का. ज्यानं हणमंतप्पाला बघितलं न्हाय त्यानं मला शिकवायला येऊ नये.

हणमंतप्पा म्हणजे माझे थोरले दीर. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना झटका आला. सोलापूरला नेलं, बरे झाले, आपल्या पायानं चालत घरी आले. निघताना डॉक्टरनं सरळ तोंडावर सांगितलं की तुमचं हृदय कमजोर झालंय, जपून राहा. मग माणूस जपायला लागला तो असा की बाजेवरनं उठंना. पाण्याचा तांब्या उचलायचा न्हाय. शिंक आली तरी छातीला हात. नात मांडीवर बसायला आली तर "भार होतोय, न्या तिला" म्हणायचे. दोन वर्षं अंगणातल्या बाजेवर बसून मरणाची वाट बघितली अन् मग गेले. डॉक्टर म्हणले हार्टनं गेले. मी म्हणते भ्यानं गेले.

माझे मालक गुरुसिद्धप्पा हे त्यांचे धाकटे भाऊ. रोज त्या बाजेशेजारी बसून यायचे. एकदा घरी आले, हातपाय धुतले अन् मला म्हणले, "महादेवी, उद्या मला असं काय झालं तर मला कळू देऊ नको." म्या शब्द दिला. तवा मला काय ठावं की तो शब्द मला खायला उठंल.

मुरूम गावाच्या अलीकडं आमचं गाव. स्टँडजवळ आमचं दुकान हाय, सरकी पेंड, भुसा, जनावरांचं मीठ. चार वर्षांमागं भर दुपारी हे दुकानात पोत्यावर बसले अन् छाती चोळायला लागले. घामानं बनियन भिजलेलं. स्वतःच म्हणले, "गॅस धरलाय." माझा मल्लेश तवा अठ्ठावीसचा. त्यानं जीप केली, उमरग्याला नेलं, तिथनं सोलापूरला. तिथल्या डॉक्टरनं मला अन् मल्लेशला व्हरांड्यात उभं करून सांगितलं, मोठा झटका होता, वाचले. हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं, त्याला ते पंपिंग म्हणतात. ते साठ टक्क्यांच्या आसपास पाहिजे, ह्यांचं चाळीसवर आलं होतं.

म्या त्या डॉक्टरपुढं हात जोडले. म्हणलं, साहेब, ह्यांना सांगू नका, ह्यांचा भाऊ असाच गेला. डॉक्टर चिडला. हे बरोबर नाही म्हणला. पण म्या पाय धरायला वाकले तसा तो मागं सरला अन् म्हणला, "मग जबाबदारी तुमची. गोळ्या एक दिवसही चुकायच्या नाहीत." ती जबाबदारी म्या पदरात घेतली. मल्लेशला दम दिला की बापासमोर तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. ह्यांना सांगितलं, पित्त छातीत चढलं होतं. ते म्हणले, "मी म्हणलंच होतं." आपल्या दुखण्याचं नाव आपणच ठेवल्यावर माणूस लई खूश असतो.

त्या दिवसापासनं माझा तुरुंग सुरू झाला. फाइल दिवाणात माझ्या लुगड्यांखाली. गोळ्या पाकिटातनं सोडवून चूर्णाच्या रिकाम्या बाटलीत भरायच्या. मेडिकलवाल्या नंदीशला विनवायचं की बाबा, मालकासमोर नाव काढू नको. चार वर्षांत म्या माहेरी एक रात मुक्काम केला न्हाय. बहिणीच्या पोरीचं लग्न सोडलं. बायका म्हणायच्या, "म्हातारपणी बी नवऱ्याला सोडवंना काय गं." हे ऐकून हसायचे अन् चारचौघात मिशीवर हात फिरवायचे. मी बी हसायची. दुसरं करणार काय?

यंदा ह्यांना हर्निया निघाला. जांघेत लिंबाएवढी गाठ. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. उमरग्याच्या सर्जननं तपासलं अन् म्हणला, ऑपरेशन करावंच लागेल. आतडं अडकलं तर घाईघाईत करावं लागेल, त्यापेक्षा आधी केलेलं बरं. पण वय साठीच्या वर हाय, तवा फिजिशियनकडनं फिटनेस आणा, म्हणजे हृदय ऑपरेशन सोसंल असं लिहून आणा.

ते ऐकून मी तिथंच खुर्चीत गार पडले.

घरी आल्यावर मी अन् मल्लेश परसात बसलो. मल्लेशनं एका पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहिलं. झटका कधी आला, कुठं नेलं, पंपिंग किती, चार गोळ्यांची नावं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पेशंटला माहीत नाही, कृपया सांगू नये.' ती चिठ्ठी म्या कमरेच्या पिशवीत ठेवली. ठरलं असं की ह्यांची नजर चुकवून ती डॉक्टरणीच्या हातात द्यायची. सोपं वाटलं. मल्लेश यायचा होता, पण ऐन त्या दिवशी पेंडीची गाडी आली, मग तो दुकानात राहिला अन् आमी दोघंच एसटीनं उमरग्याला गेलो.

फिजिशियन म्हणजे राजेश्वरी मॅडम. चाळिशीच्या असतील, बोलणं शांत. खोली एवढीशी. मॅडमच्या टेबलाला लागून पेशंटचं स्टूल, अन् मला बसवलं भिंतीकडच्या खुर्चीत. माझ्या अन् मॅडमच्या मधी ह्यांची पाठ. चिठ्ठी द्यायची तर ह्यांच्या खांद्यावरनं द्यावी लागणार होती.

"काका, पूर्वी कधी हार्टचा त्रास?"

"आपल्याला? न्हाय."

"छातीत दुखून दवाखान्यात भरती व्हावं लागलं असं काही?"

"एकदा गॅसनं झालतो. सोलापूरला चार दिवस. सगळ्या मशिनी लावल्या, काही निघालं न्हाय."

मॅडमनं मान हलवली अन् लिहिलं.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? नीट आठवून सांगा. ऑपरेशनला पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देतात. तशी गोळी चालू असली तर तिथं रक्त साकळून पाय जाऊ शकतात."

"कसलीच न्हाय. हिच्या हातची गॅसची तेवढी."

त्या चार गोळ्यांत दोन रक्त पातळ करायच्या होत्या. माझा हात कमरेच्या पिशवीवर गेला. म्या म्हणलं, "मॅडम, जरा..."

हे मागं वळले अन् हसले. "हिला भ्यायची सवय हाय, मॅडम. पोराला सर्दी झाली तरी ही उपास धरती."

मॅडम बी हसल्या. "मावशी, काळजी करू नका. मी एवढंच बघतेय की काकांचं हृदय ऑपरेशनचा ताण सोसेल का. आधी झटका आलाय का, पंपिंग किती, दम लागतो का, यावरून धोका कमी का जास्त ते ठरतं. काका, दोन जिने न थांबता चढता?"

"जिने? पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन चढतो."

मॅडमला बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी ते बी लिहिलं. मला वाटलं उठावं, टेबलावर चिठ्ठी आपटावी अन् निघून जावं. पण ह्यांचं मानगूट माझ्या डोळ्यासमोर होतं, नुकतंच न्हाव्याकडं जाऊन आलेलं, पांढऱ्या केसांची नीट रेघ. त्या माणसाला आत्ता, ह्या स्टुलावर, परक्या बाईसमोर कसं सांगायचं की तुझ्या भावाला झालं तेच तुला झालंय?

मॅडम उठल्या. "चला काका, ईसीजी काढू अन् सोनोग्राफीसारखीच हृदयाची तपासणी असते, ती करू. मावशी, तुम्ही बाहेर बसा."

मी आशेनं बघत होते की ह्यांना आत नेतील अन् मॅडम माझ्यासंगं राहतील. उलटंच झालं. मॅडम ह्यांच्यासंगं आत गेल्या अन् दार लागलं.

काउंटरवर एक सिस्टर होती. म्या चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. म्हणलं, हे आत्ताच्या आत्ता मॅडमला दे, बाई. तिनं न वाचता ती ट्रेमधल्या कागदांवर ठेवली अन् वर पेपरवेट ठेवला. "नंबरानं जाईल."

"अर्जंट हाय गं."

"इथं सगळ्यांचं अर्जंटच असतं, मावशी. बसा."

म्या मल्लेशला फोन लावला. मागं हमालांचा गलका चालला होता. सगळं सांगितलं तर म्हणतो, "अव्वा, मग तूच सांग की तोंडानं."

"तुझ्या बापासमोर?"

"मग काय करणार हाईस?" मला त्याचा राग आला. पण त्याचं तरी काय चुकलं? चार वर्षं त्या पोराच्या तोंडाला म्याच कुलूप लावलं होतं.

बाकड्यावर बसले. आत मशीन बारीक आवाज करत होतं. मॅडमला काही दिसलं न्हाय तर त्या बरं म्हणून लिहून देणार, अन् ह्यांना टेबलावर घेतल्यावर काय होईल ते शिवाला ठावं. काही दिसलं तर ह्यांना कळणार. घरी घेऊन पळून जावं तर ती गाठ कधी अडकंल सांगता येत न्हाय. कुठनं बाहेर पडावं तेच समजंना. म्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून नुसतं शिवा शिवा करत राहिले, काय मागायचं ते सुदिक सुचलं न्हाय.

"मावशी, आत या."

हे शर्टाची बटणं लावत होते. मॅडमपुढं दोन कागद होते अन् त्या आता हसत नव्हत्या.

"बसा. मावशी, काकांच्या हृदयावर जुन्या झटक्याची स्पष्ट खूण आहे. पंपिंग तीस टक्के आहे. काका म्हणतात कधी काही झालंच नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

तीस? चाळीस होतं की.

हे मला बोलूच देईनात. "मशीनचं चुकत असंल, मॅडम. हिलाच विचारा. विभूती लावल्याबिगर ही पाण्याचा घोट घेत न्हाय. ही खोटं बोलायची न्हाय. सांग की गं."

असं म्हणून माझ्याकडं बघून हसले. पस्तीस वर्षांचा विश्वास त्या हसण्यात. मला वाटलं भिंत फाटावी अन् मी आत जावं.

म्या सांगितलं. "चार वर्षांमागं झटका आलाय. तो गॅस नव्हता."

ह्यांचं हसू लगेच गेलं न्हाय. थोडा वेळ तसंच राहिलं तोंडावर. मग विचारलं, "कोण म्हणलं?"

"सोलापूरचे डॉक्टर."

"मल्लेशला ठावं हाय?"

"हाय."

"अजून कुणाला?"

"माझ्या भावाला, तो सोलापूरला आला होता. मेडिकलवाल्या नंदीशला."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुमीच म्हणला होता की मला कळू देऊ नको," म्या म्हणलं. "हणमंतप्पाच्या बाजेवरनं आला होता तवा. आठवा."

ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण राहिलं होतं, ते लावायला लागले.

मॅडमनं मला गोळ्या विचारल्या. म्या धडाधड चार नावं सांगितली. तोंडपाठच होती. अन् खरं सांगते, त्या वेळेला मला जरा धीर आला. म्या काय नुसतं खोटंच बोलले न्हाय, खोट्यापायी राबले बी हाय. म्हणलं, "मॅडम, चार वर्षांत एक दिवस चुकले न्हाय. माझ्या आईच्या मातीला गेले, तर सांजच्या गोळीच्या आत परत आले. तेराव्याला सुदिक राहिले न्हाय."

मॅडमच्या कपाळावरची आठी सैल झाली. "हे फार चांगलं केलंत. पण मग गोळ्या चालू असताना पंपिंग एवढं खाली का आलं, ते मला कळत नाही."

मग हे खाली बघत म्हणले, "मॅडम, त्या गोळ्या म्या घेतल्या न्हायत."

मला आधी वाटलं, रागानं बोलतायत.

"पयले सहा-सात महिने घेतल्या. मग गॅस झालाच न्हाय कधी. गॅसच न्हाय तर गॅसची गोळी कशाला? उलट त्यानं चक्कर यायची. पण ही मायेनं देती. न्हाय म्हणलं तर हिला वाईट वाटंल. म्हणून गालात धरायचो, वर ताक प्यायचो, अन् दुकानात गेलो की थुंकून पोत्यामागच्या उंदराच्या बिळात टाकायचो. सांजच्याला परसात."

तीन वर्षांच्या वर म्या त्या माणसाच्या गालात गोळ्या ठेवत होते. आईच्या मातीवरनं परत आले ती त्या बिळासाठी.

मॅडमनं पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, पोतं उचलता ते तरी खरं आहे का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाय. "सहा महिने झाले, बंद हाय. दम लागतो. गोरोबा हमाल उचलतो आता. म्हणलं म्हातारपण असंल. घरी सांगितलं न्हाय, ही काळजी करती."

मॅडमनं आधीचा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली अन् नवा घेतला. सगळं पयल्यापासनं विचारलं. या खेपेला दोघांनी खरं सांगितलं. मग म्हणल्या, आत्ता ऑपरेशनला धोका फार हाय, मी फिटनेस देणार न्हाय. गोळ्या नव्यानं सुरू करा. तीन महिने नियमानं घ्या, हर्नियाचा पट्टा बांधा, वजन उचलू नका, मग परत बघू. अन् मधीच गाठ कडक झाली, दुखली, उलटी झाली तर लगेच या, तवा धोका असला तरी ऑपरेशन टाळता यायचं न्हाय. निघताना त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, गोळ्या घेतल्या तर फरक पडतो. खरंच पडतो."

बाहेर आल्यावर सिस्टरनं माझी चिठ्ठी परत दिली. अजून नंबर आला नव्हता तिचा.

आमी नवरा-बायको एकटे असलो की कन्नड बोलतो. दुकानात, चारचौघात मराठी. लग्न झाल्यापासनं असंच हाय. एसटीत आमी शेजारी बसलो, पुढंमागं ओळखीचं कुणी नव्हतं. हे म्हणले, "खिडकी लाव, वारं येतंय." मराठीत म्हणले. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. म्या खिडकी लावली.

घरी येऊन त्यांनी दिवाण उघडला, लुगडी बाजूला केली अन् फाइल स्वतः काढली. मला वाटलं, आता हे बाजेवर आडवे होणार. जे टळावं म्हणून म्या एवढं केलं ते आता होणार. दुसऱ्या दिवशी सकाळी म्या डोळे मिटूनच पडले होते, उठायचं धाडस होईना. उठले तर हे घरात नव्हते. नंदीशच्या दुकानात गेले होते. गोळ्यांची पाकिटं आणली, पेनानं त्यावर सकाळ-सांज लिहून घेतलं अन् शर्टाच्या खिशात घातली. वेळ झाली की स्वतः काढायचे, स्वतः पाणी घ्यायचे, गिळायचे. पट्टा बांधून मारुतीच्या पारापर्यंत चालत जायचे अन् परत यायचे. पोत्याला हात लावायचे न्हायत, पण गल्ल्यावर नीट बसायचे.

माणूस भ्याला न्हाय. हणमंतप्पाचं भ्या ह्यांच्यात नव्हतंच. ते माझ्यातच होतं, अन् म्या ते चार वर्षं ह्यांचं म्हणून वागवलं. हे कळलं त्या दिवशी म्या चुलीपुढं बसून पोटभर रडले.

मला वाटायचं, भांडावं ह्यांनी. शिव्या द्याव्या, माझ्या माहेरचा उद्धार करावा. न्हाय. "भाजी चांगली झालीय." "लाइटबिल आलंय." सगळं मराठीत. मी कन्नडमधी विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे. असे तीन महिने गेले.

परत दाखवायचा दिवस आला तवा म्या सकाळीच लुगडं बदललं. हे म्हणले, "मी अन् मल्लेश जातो. तू राहा."

"मी का न्हाय?"

"तुझं काय काम तिथं."

दिवसभर मी दारात. ऊन ओट्यावर आलं अन् ओट्यावरनं गेलं. पाचच्या सुमाराला दोघं आले. मल्लेश फाइल घेऊन सरळ दुकानाकडं वळला, घरात आलाच न्हाय. हे येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले. म्या विचारलं, "काय म्हणल्या मॅडम? पंपिंग किती झालं? ऑपरेशन कधी?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. अन् तीन महिन्यांनी पयल्यांदा कन्नडमधी बोलले. "एनू इल्ला, महादेवी. काही न्हाय. सगळं ठीक हाय. ऑपरेशनची घाई न्हाय म्हणल्या. तू जेवलीस का?"

आवाज असा मऊ, मल्लेश लहानपणी तापानं फणफणला होता तवा लावला होता तसा. मला आनंद व्हायला पायजे होता. मला हुडहुडी भरली.

मल्लेश आल्यावर म्या त्याला सैपाकघरात गाठलं. "पंपिंग किती हाय रे?"

"वाढलंय."

"किती?"

"वाढलंय म्हणल्या मॅडम." हे तो पाण्याच्या हंड्याकडं बघत बोलला.

"मग ऑपरेशन का न्हाय करत?"

"अव्वा, अप्पा बरे हायत. तू ताण घेऊ नको."

फाइल कुठं हाय विचारलं तर दुकानातल्या कपाटात, कुलपात. दुसऱ्या दिवशी मी नंदीशकडं गेले. म्हणलं, नव्या गोळ्या कसल्या दिल्यात, तेवढं तरी सांग. तो काउंटर पुसायला लागला. म्हणला, "मावशी, काकांनी हात जोडून सांगितलंय. मला यात घालू नका."

कदाचित खरंच वाढलं असंल. मॅडम म्हणल्या होत्या, गोळ्यांनी फरक पडतो. मी रोज स्वतःला तेच सांगते. पण मग हात कशाला जोडावे लागले त्यांना?

सूड म्हणून केलं असतं तर मी झिंज्या उपटून भांडले असते. हे सूड न्हाय. हे मायेनं करतायत, मला त्रास नको म्हणून, अन् म्हणून मला तोंड उघडायला जागा न्हाय. कुठल्या तोंडानं म्हणू की मला खरं सांगा?

आता घरात परत कन्नड चालू झालंय. हे हसतात, चेष्टा करतात. जेवायला बसले की मी ह्यांचे पाय बघते, सुजलेत का. घास गिळताना दम लागतोय का ते बघते. ह्यांच्या ते ध्यानात येतं. म्हणतात, "बघतीस काय, बरा हाय मी."

मी व्हय म्हणते अन् ताक वाढते.